चार इंचांचे पिलू आणि चार वर्षे: ‘टायगर शॉव्हेलनोज’ कॅटफिशचे परीक्षण

सजीव प्राण्याचे परीक्षण एखाद्या वस्तूसारखे करणे मला स्वतःलाच थोडे खटकते. परंतु दुकानात तो वस्तूसारखाच विकला जातो. काचेवर नावाची चिठ्ठी असते, बोट दाखवले की जाळी पाण्यात जाते, प्राणवायू भरलेल्या पिशवीला रबरबँड लागतो आणि पाच मिनिटांत व्यवहार पूर्ण होतो. मिक्सर घेताना आपण जितकी चौकशी करतो तितकीही या माशाबद्दल कोणी करत नाही, मीही केली नव्हती. म्हणून चार वर्षे सांभाळल्यानंतर, विकत घेतलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल लिहावे तसे, या माशाबद्दल लिहीत आहे.

चिठ्ठीवर ‘टायगर शॉव्हेलनोज’ असे नाव होते. पिलू चार इंचांचे, चपट्या तोंडाचे, लांब पांढऱ्या मिशांचे आणि अंगावर काळ्या उभ्या रेघा असलेले होते. टाकीच्या तळाशी ते इतके निश्चल बसले होते की आधी मला ते आजारी वाटले. मी दोनच प्रश्न विचारले. हा किती वाढेल, या प्रश्नाला ‘टाकीएवढाच वाढतो, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले आणि काय खातो, या प्रश्नाला ‘सगळे खातो’ असे. दुसरे उत्तर खरे निघाले, तेही मला नको होते त्या अर्थाने. पहिले उत्तर साफ खोटे आहे, आणि मोठ्या माशांच्या व्यवहारात याच एका वाक्याने सर्वाधिक नुकसान केले आहे असे माझे ठाम मत आहे. मासा टाकी पाहून वाढ थांबवत नाही. अपुऱ्या जागेत साठलेल्या मलद्रव्यांमुळे आणि वळायलाही जागा नसल्यामुळे त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो आणि तो अकाली मरतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘टाकीएवढाच राहिला’ असे वाटते.

नावाची गोष्ट पाचव्या महिन्यात उघडकीस आली. एका संध्याकाळी टॉर्च घेऊन काचेजवळ बसलो असता माशाच्या शेपटीत फिकट नारिंगी छटा दिसली. आधी ती दिव्याची असेल असे वाटले, म्हणून टाकीचा दिवा बंद करून पुन्हा पाहिले. छटा तशीच होती. अंगावरच्या रेघाही आता सरळ पट्ट्यांसारख्या न राहता तुटून ठिपक्यांत मिसळत होत्या, आणि डोके खऱ्या शॉव्हेलनोजच्या फावड्यासारखे लांब व चपटे होण्याऐवजी आखूड आणि रुंद होत होते. तो निखळ शॉव्हेलनोज नव्हता, तर शॉव्हेलनोज आणि रेडटेल कॅटफिश यांचा संकर होता. हे दोन मासे घरातल्या टाकीत अंडी घालत नाहीत. मत्स्यपालन केंद्रांत संप्रेरकांची इंजेक्शने देऊन त्यांची पैदास केली जाते आणि असे संकरही तिथेच तयार होतात. संकर म्हणजे वाईट मासा असे मी म्हणत नाही. माझा मासा अतिशय दणकट निघाला. परंतु ज्याचे नाव सांगून मासा विकला तो तो नसेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मुळात शॉव्हेलनोज या नावाखालीही एकच मासा येत नाही. दक्षिण अमेरिकेतील नद्यांमध्ये राहणाऱ्या स्यूडोप्लॅटिस्टोमा या प्रजातीत पूर्वी तीनच जाती मानल्या जात. २००७ मध्ये झालेल्या फेरमांडणीत त्यांची संख्या आठ झाली. जुन्या पुस्तकांतील ‘फॅसिएटम’ हे नाव आजही सर्रास सगळ्यांना चिकटवले जाते. रेडटेलचे तसे नाही. फ्रॅक्टोसेफालस हेमिओलिऑप्टेरस ही त्याच्या प्रजातीतील आज जिवंत असलेली एकमेव जात आहे. काळपट पाठ, बाजूला रुंद पांढरा पट्टा आणि तांबडी शेपटी पाहिली की शंका उरत नाही. गैरसमज त्याच्याबद्दल असतो तो फक्त आकाराचा. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यात हा मासा सव्वा मीटरच्या पुढे जातो, आणि त्याचे तीन इंचांचे पिलू दुकानात एखाद्या खेळण्यासारखे दिसते.

पिशवी बांधली जाण्यापूर्वी दुकानातच करता येण्यासारखी एक तपासणी आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही: मिशा मोजणे. शॉव्हेलनोज आणि रेडटेल ज्या कुळातले आहेत त्या कुळात मिशांच्या तीन जोड्या असतात, एक वरच्या जबड्याजवळ आणि दोन हनुवटीखाली. ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पंगासियस गटातील माशांना दोनच जोड्या असतात. मागूर आणि त्याच्या नातलगांना चार जोड्या असतात. त्यानंतर पाठ पाहावी. पुढच्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बिनकाट्याचा एक मांसल पर असतो. शॉव्हेलनोज आणि रेडटेलमध्ये तो ठळक असतो, पंगासियसमध्ये अगदी लहान असतो, तर वॅलागो या आणखी एका शिकारी कॅटफिशला तो नसतोच. वॅलागोच्या पोटाखालचा पर मात्र जवळजवळ शेपटीपर्यंत लांबच लांब गेलेला असतो आणि पाठीवर एकच चिमुकला पर उभा असतो. एवढे पाहिले तरी कूळ कळते. जात ओळखायला रंगापेक्षा डोक्याचा आकार अधिक उपयोगी पडतो, कारण रंग वयाप्रमाणे, पाण्याप्रमाणे आणि भीतीनेही बदलतात.

‘शार्क’ या चिठ्ठीबद्दल इथेच सांगून टाकतो. त्या नावाखाली सहसा जो चंदेरी, सतत पोहणारा, घाबरट मासा मिळतो तो शार्क नाही आणि खऱ्या अर्थाने शिकारीही नाही. तो सर्वभक्षी आहे, थव्याने राहतो आणि १३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. खोलीत कोणी दार आपटले तरी तो काचेवर जाऊन आदळतो. त्याच चिठ्ठीखाली कधीकधी उंच पराचा पारून शार्क मिळतो, ज्याची नोंदवलेली कमाल लांबी ३ मीटर आहे आणि जो निसर्गात आता अत्यंत धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो. हे दोन्ही मासे घरात आणू नयेत. त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

माझा मासा अकरा महिन्यांत १९ इंचांचा झाला, दोन वर्षांत २६ इंचांचा आणि चौथ्या वर्षाच्या अखेरीस ३२ इंचांचा. पहिली टाकी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद होती. ती सहा महिनेही पुरली नाही. दुसरी सहा बाय दोन बाय दोन फुटांची होती, म्हणजे सुमारे ६८० लिटरची. या टाकीबद्दल विक्रेते ‘आता आयुष्यभर चिंता नाही’ असे सांगतात, परंतु लांबीकडे पाहून टाकी घेणे हीच चूक आहे. दोन फूट रुंदीच्या टाकीत २६ इंचांचा मासा शरीर वाकवल्याशिवाय वळू शकत नाही. तो वळताना शेपटी एका काचेला आणि नाक दुसऱ्या काचेला घासते, आणि काही आठवड्यांत नाकावर पांढरा चट्टा दिसू लागतो. माझ्या माशाच्या नाकावर तो दिसला तेव्हा मी तिसऱ्या टाकीचा विचार सुरू केला. ती आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच होती. त्यात सुमारे २,२६५ लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि स्टँड सोडून नुसत्या पाण्याचेच वजन सव्वादोन टन होते. जमिनीलगतच्या खोलीशिवाय अशी टाकी ठेवण्याचा विचार स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. चार इंचांच्या पिलाची खरी किंमत ही आहे; पिशवीतल्या माशासाठी मोजलेले पैसे त्यापुढे हिशेबातही धरू नयेत.

टाकी मोठी असली तरी मांसाहारी मासा पाणी किती लवकर खराब करतो, याची कल्पना टेस्ट किट हाती घेईपर्यंत येत नाही. प्रथिनांनी भरलेले अन्न म्हणजे अमोनिया. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, परंतु त्यांची संख्या वाढायला काही आठवडे लागतात आणि तोपर्यंत पिलू विषातच पोहत असते. शिवाय अमोनियाचा धोका पाण्याच्या सामूवर (पीएच) अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असूनही एका घरातला मासा ठीक राहतो आणि दुसऱ्या घरातला पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. सुरुवातीला मी एका कॅनिस्टर फिल्टरवर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्यातल्या फिल्टरवर, भागवले. डब्यावर लिहिलेली लिटरची क्षमता लहान, शाकाहारी माशांच्या टाकीसाठी असावी असेच मी आता मानतो, कारण तो फिल्टर दर दहा दिवसांनी चोंदत असे. सम्प, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली गाळणीची वेगळी टाकी, बसवल्यावर हा प्रश्न सुटला. तरीही नायट्रेट कोणताही फिल्टर पुरेसे काढत नाही. ते लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्यासाठी दर आठवड्याला अर्धे पाणी बदलावेच लागले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी निष्प्रभ करावे लागते. दर रविवारी अकराशे लिटर पाणी. पाहुणे आले तरी, ताप असला तरी.

खाण्याच्या बाबतीत या माशाला मी पूर्ण गुण देतो आणि स्वतःला कमी. पहिले तीन महिने मी त्याला जिवंत लहान गोल्डफिश घालत होतो, कारण दुकानदाराने तसे सांगितले होते आणि खरे सांगायचे तर ते पाहायला थरारक वाटत होते. मासा अंधारात तळाशी पडून असे. गोल्डफिश मिशीच्या टोकाला लागला की तोंड उघडल्याचे दिसतही नसे, फक्त पाणी हलल्याचे दिसे आणि गोल्डफिश नाहीसा झालेला असे. परंतु गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज हे विकर असते, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. केवळ त्यावर वाढवलेल्या माशात कालांतराने त्या जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. त्याशिवाय खाऊ म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीत ठेवलेले असतात आणि परजीवी घेऊन येतात. माझ्याकडे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असाच आला. गुरांचे हृदय किंवा कोंबडीचे मांस हाही चांगला पर्याय नाही. त्यातील चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतात साठते.

पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, आणण्यासाठी मी त्याला पाच दिवस उपाशी ठेवले. सुदृढ कॅटफिशला यात काहीही धोका नाही, त्रास पाहणाऱ्यालाच होतो. सहाव्या दिवशी सोललेली कोळंबी, दुसऱ्या आठवड्यात कोळंबीच्या रसात भिजवलेले बुडणारे पेलेट आणि मग नुसते पेलेट, असा क्रम ठेवला. कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे तर अंगभर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे वास लागलेला पेलेट तो डोळ्यांनी न पाहताही शोधतो. मोठा झाल्यावर आठवड्यातून दोनदा खाणे पुरते. तरीही काचेजवळ कोणी गेले की तो तोंड वर करून येतो आणि घरातले प्रत्येकजण ‘बिचारा भुकेला आहे’ म्हणत डबा उघडतो. या माशाचा अभिनय पाहून खाऊ घालू नये, पोटाची रेषा पाहून घालावे.

सोबतीला कोण ठेवावे, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. मी तळहाताएवढे चार सिल्व्हर डॉलर मासे ठेवले होते. इतका उंच, थाळीसारखा मासा त्याच्या तोंडात जाणार नाही अशी माझी समजूत होती. एका सकाळी तीनच दिसले. कॅटफिश तळाशी कुशीवर कललेला होता आणि त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला चक्क थाळीची कड उमटलेली दिसत होती. पुढचे दोन दिवस तो हलला नाही. तोंडात काय मावेल याचा अंदाज बंद तोंड पाहून करता येत नाही, एवढे त्यातून मी शिकलो.

तोंडाची ही हाव केवळ माशांपुरती नसते. हीटर काचेला धरून ठेवणारी रबरी चकती त्याने गिळली आणि तीन दिवसांनी ओकली. ती ओकली नसती तर आतडे अडून तो मेला असता. तळातील बारीक खडी अन्नासोबत पोटात जाते, म्हणून तळ मोकळा ठेवावा किंवा मऊ वाळू पसरावी. दगड ठेवायचे तर डोक्यापेक्षा मोठे. हीटर सम्पमध्येच हवा, कारण शेपटीच्या एका फटक्याने काचेचा हीटर फुटू शकतो आणि पाण्यात वीज उतरू शकते. झाकणावर वजन ठेवावे. दिवा मंद असावा, आणि तो अचानक लावण्याऐवजी आधी खोलीतला लावावा. अंधारात दचकलेला तीन फुटांचा मासा म्हणजे टाकीत सोडलेला ओंडका असतो.

औषधांबाबत एक इशारा बाटलीवर ठळक अक्षरांत असायला हवा आणि तो नसतो. या माशांना खवले नसतात, त्यामुळे तांबे, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन असलेली औषधे त्यांना इतर माशांपेक्षा जास्त बाधतात. मी पांढऱ्या ठिपक्यांसाठी तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेले, हवेचा पुरवठा वाढवला आणि औषध निम्म्या मात्रेने दिले. पकडताना जाळी वापरू नये. छातीच्या पराचा पहिला काटा दातेरी असतो आणि घाबरल्यावर मासा तो ताठ करून कुलूप लावल्यासारखा अडकवतो. जाळीत तो गुंतला की सोडवताना काटा तरी मोडतो किंवा जाळी तरी कापावी लागते. मी जाळी कापली. माझ्या अंगठ्यालाही तो काटा लागला. अशा जखमेवर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. सूज वाढली तर डॉक्टरांकडे जावे.

उरला विक्रीनंतरच्या सेवेचा मुद्दा. ‘मोठा झाला की परत आणा’ असे विक्रेत्याने सांगितले होते. दोन फुटांचा मासा परत घेण्याबद्दल विचारले तेव्हा त्याच्याकडे तेवढी टाकीच नव्हती, आणि ते स्वाभाविकही होते: ज्याच्या सर्वांत मोठ्या टाकीत पिले ठेवलेली असतात तो प्रौढ मासा कुठे ठेवणार? अनेकजण या टप्प्यावर मासा नदीत किंवा तलावात सोडतात. तो तिथे मेला तर ती क्रूरता होते आणि जगला तर तिथल्या माशांवर संकट येते. त्यामुळे हा पर्याय नाहीच. मला आठ महिने शोध घ्यावा लागला. अखेर मोठे बंदिस्त तळे आणि अनुभव असलेल्या एका पालकाने तो स्वीकारला. नेण्याच्या दिवशी आम्ही तिघांनी जाड प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत तो पाण्यासकट उचलला. झाकण लावलेल्या टबातून वाटभर ‘गुर्र, गुर्र’ असा कोरडा आवाज येत होता. छातीचा काटा त्याच्या सांध्यात घासून कॅटफिश तो आवाज काढतात. चार वर्षांत मी तो इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

मासा म्हणून त्याला पाचपैकी पाच, दुकानातील चिठ्ठीला शून्य, आणि घरात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणून एक गुण, तोही केवळ मला तळमजला आणि जागा होती म्हणून. ज्यांना चपट्या तोंडाचा शिकारी कॅटफिशच हवा आहे त्यांनी सोरुबिम लिमा पाहावा. तोही लहान मासे खातो आणि अर्ध्या मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे त्यालाही सहा-सात फुटांची, रुंद टाकी लागतेच. परंतु तिथे त्याचे आयुष्य नीट जाऊ शकते. मी आता असे तीन ठेवले आहेत. त्यांच्याही काचेवर नुसते ‘शॉव्हेलनोज’ लिहिले होते. मिशांच्या तीन जोड्या मोजल्या, नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा अखंड काळा पट्टा पाहिला आणि मगच पिशवी बांधू दिली. सर्वांत मोठा आज चौदा इंचांचा आहे आणि दिवसभर सम्पच्या पाइपला लागून, डोके खाली करून, पाइपचाच एखादा तुकडा असल्यासारखा उभा असतो.